कॅम्पेनच्या नोंदी: फॅन्टसीबाहेरचे खेळ खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॅन्टसीबाहेरचे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र साकारत कथा पुढे नेण्याचे खेळ, चालवणाऱ्या आणि खेळणाऱ्या मंडळींकडून नोंदींविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः दोन खेळांतली आहेत. १९८१ साली केऑसियमने प्रकाशित केलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या गूढ तपासाच्या खेळाचे एक कॅम्पेन (अनेक सेशन, म्हणजे बैठकी, चालणारी एक सलग कथा) आम्ही १९२० च्या दशकातल्या मुंबईत चालवतो. दुसरा खेळ म्हणजे १९७७ सालापासून चालत आलेला, अंतराळातला ‘ट्रॅव्हलर’. खेळ चालवणाऱ्याला पहिल्या खेळात कीपर म्हणतात, दुसऱ्यात रेफरी, आणि बोलताना सगळेच जीएम (गेम मास्टर) म्हणतात. येथे ‘सूत्रधार’ हा शब्द वापरला आहे, कारण तो आपल्याकडे आधीपासून आहे.

१. कॅम्पेनच्या नोंदी म्हणजे नेमके काय? प्रत्येक सेशनचा वृत्तान्त लिहायचा का?

वृत्तान्त हा नोंदींचा सर्वांत आवडता आणि बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार आहे. टेबलावर अडचण येते ती ‘मागच्या वेळी काय झाले’ या प्रश्नाने क्वचितच; ती येते ‘त्या सराफाचे नाव काय होते’, ‘पत्र आता कोणाकडे आहे’, ‘आपण त्याला किती तारखेला परत या म्हणालो होतो’ अशा प्रश्नांनी. नोंद म्हणजे अशा पुढे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे आधीच लिहून ठेवलेले उत्तर.

जुन्या पेढ्यांवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरवले जात आणि खतावणीत तेच व्यवहार नावांनुसार खात्यांवर चढवले जात. कॅम्पेनलाही नेमक्या याच दोन वह्या लागतात. सेशनची रोजकीर्द तारखेनुसार चालते. व्यक्ती, ठिकाणे, वस्तू आणि संस्था यांची खतावणी नावानुसार चालते. केवळ रोजकीर्द असेल तर सराफाच्या शोधात १४ सेशनची पाने उलटावी लागतात, आणि केवळ खतावणी असेल तर कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी घडली हे कळत नाही.

२. आम्ही आजवर ड्रॅगन आणि जादूगारांचे खेळ खेळलो. तीच नोंदींची पद्धत तपासाच्या किंवा अंतराळाच्या खेळाला चालणार नाही का?

काही अंशी चालेल, पण वजन वेगळ्या ठिकाणी पडते. काल्पनिक राज्यात दोन गावांमधले अंतर सूत्रधार म्हणेल तेवढे असते, आणि राजाचे नाव चुकले तरी ते तपासायला कोणी जात नाही. खऱ्या जगात घडणाऱ्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडूच्या खिशातल्या फोनवर ते जग हजर असते. आमच्या कॅम्पेनमध्ये १९२६ सालच्या एका प्रसंगात पात्रे डेक्कन क्वीनने पुण्याला निघाली, तेव्हा एका खेळाडूने अगदी शांतपणे सांगितले की ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. खुनी हातातून निसटत असताना पुढची २० मिनिटे रेल्वेच्या चर्चेत गेली.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जादूच्या खेळात खजिना सोन्याचा असतो आणि अडलेच तर मृतालाही प्रश्न विचारता येतो. तपासाच्या खेळात माहिती हाच खजिना असतो, त्यामुळे ती कोणाकडे, कधी आणि कोणत्या मार्गाने आली याला महत्त्व येते. म्हणून येथे तारीख (प्रश्न ५), माहितीचा माग (प्रश्न ७), पैसा (प्रश्न १०) आणि अंतर (प्रश्न ११) या चार गोष्टींना स्वतंत्र जागा द्यावी लागते. राक्षसांची यादी नसली तरी चालते.

३. वही बरी की संगणक?

टेबलावर वही आणि घरी संगणक, असे आमचे उत्तर आहे. लॅपटॉपचा पडदा सूत्रधार आणि खेळाडू यांच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहतो, आणि टंकलेखन करणारा माणूस ऐकत असला तरी ऐकत असल्यासारखा दिसत नाही. घरी मात्र शोधण्याची सोय हवीच. गूगल डॉक्सची एक फाइल पहिल्या १० सेशनपर्यंत पुरते. त्यानंतर ज्यात एका नोंदीतून दुसरीत थेट जाता येते असे ऑब्सिडियनसारखे साधन सोयीचे वाटते. त्याच्या फायली साध्या मजकुराच्या स्वरूपात आपल्याच यंत्रावर राहतात, हा आणखी एक फायदा. चकचकीत नकाशे आणि वंशावळी करून देणाऱ्या साधनांच्या नादी सुरुवातीलाच लागू नये, कारण सजावटीत गेलेली संध्याकाळ नोंदींमध्ये दिसत नाही.

वही वापरताना एक शिस्त पाळावी. डाव्या पानावर टेबलावर प्रत्यक्ष उच्चारले गेले तेवढेच लिहावे आणि उजव्या पानावर सूत्रधाराच्या मनातले सत्य, बेत व शंका लिहाव्यात. सूत्रधाराच्या डोक्यात या दोन गोष्टी इतक्या बेमालूम मिसळतात की तीन महिन्यांनी ‘दिवाणजीला जुगाराचे व्यसन आहे’ हे आपण खेळाडूंना सांगितले होते, की केवळ ठरवले होते, हे त्याला शपथेवर सांगता येत नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत या डाव्या-उजव्या पानांचा उल्लेख येईल. संगणकावर हेच काम दोन रंगांनी किंवा दोन रकान्यांनी करता येते.

४. एका सेशननंतर किती लिहावे आणि कधी?

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी १५ मिनिटे. दुसऱ्या दिवशी संवाद आठवतात, पण आकडे आणि नावे गेलेली असतात. सेशन चालू असताना फक्त नाव, आकडा आणि वचन या तीन प्रकारच्या गोष्टी टिपाव्यात. बाकीचे रात्री आठवते. आमच्या रोजकीर्दीतली एक नोंद नमुन्यादाखल:

‘सेशन १४. मंगळवार, ३ फेब्रुवारी १९२५. बोरीबंदर. विजेवर चालणारी पहिली गाडी कुर्ल्याला सुटते, तुडुंब गर्दी. काळ्या टोपीतल्या माणसाने डॉक्टरांच्या हातात पुडके दिले, नाव सांगितले नाही. पुडक्यात किल्ली, क्रमांक ४७. वकीलसाहेबांनी हमालाला ८ आणे दिले, हमाल शनिवारी माझगावला भेटणार. इन्स्पेक्टरने पुडके पाहिलेले नाही.’

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. कोणी काय पाहिले नाही, हे नंतर कोणालाही आठवत नाही.

५. खेळातील तारखेचा हिशेब कसा ठेवावा? दर वेळी तारीख सांगणे खरेच गरजेचे आहे का?

गरजेचे आहे, कारण बाकी सगळ्या नोंदी तारखेवर टांगलेल्या असतात. आपल्या घरांत दूधवाल्याचा खाडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितात, तीच पद्धत येथे उत्तम चालते. खेळातल्या वर्षाची छापील दिनदर्शिका घ्यावी आणि प्रत्येक चौकोनात तीन प्रकारची माहिती तीन रंगांत लिहावी: घडून गेलेले, ठरलेले पण अजून न घडलेले, आणि पात्रांशी संबंध असो वा नसो, त्या दिवशी जगात खरोखर घडलेले. हमालाची शनिवारची भेट दुसऱ्या रंगात त्या शनिवारच्या चौकोनात गेली, की ती विसरण्याची भीती राहत नाही. पात्रे त्या दिवशी माझगावला गेली नाहीत तरी हमाल तेथे जाऊन उभा राहिला, हे सूत्रधाराला त्या चौकोनामुळेच लक्षात येते.

जुन्या वर्षाची दिनदर्शिका मिळवण्यासाठी धावाधाव करण्याचे कारण नाही. १९०१ ते २०९९ या काळात वार दर २८ वर्षांनी तंतोतंत जुळतात आणि मधल्याही काही वर्षांत जुळतात. १९२५ चे सर्व वार २०२६ शी जुळतात, त्यामुळे २०२६ चीच दिनदर्शिका त्या कॅम्पेनला उपयोगी पडेल. मात्र तिच्यावरच्या तिथी आणि सण यांवर विश्वास ठेवू नये, ते जुळत नाहीत. अमावास्येची रात्र कोणती हे हवे असेल तर १९ वर्षांचे चक्र धरावे, कारण तेवढ्या वर्षांनी चंद्राच्या कला जवळपास त्याच तारखांना परत येतात. १९२५ साठी २०२० ची दिनदर्शिका पाहिली तर पौर्णिमा आणि अमावास्या साधारण एक-दोन दिवसांच्या फरकाने जुळतात. २४ जानेवारी १९२५ रोजी न्यू यॉर्कमधून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, आणि २४ जानेवारी २०२० रोजीही अमावास्याच होती. अधिक मासामुळे सणांच्या तारखा मात्र या चक्रानेही हमखास जुळतीलच असे नाही, म्हणून गणपती किंवा मोहरम कथेत आणायचा असेल तर त्या वर्षाचे पंचांग पाहणे हाच मार्ग.

दिनदर्शिकेच्या शेवटच्या पानावर ‘अजून नाही’ अशी एक यादी करावी. आमच्या यादीत गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन (४ डिसेंबर १९२४), मुंबईचे आकाशवाणी केंद्र (२३ जुलै १९२७), पहिला भारतीय बोलपट (१४ मार्च १९३१) आणि टाटांची कराची-मुंबई विमानडाक (१५ ऑक्टोबर १९३२) आहे. डेक्कन क्वीन अर्थातच सर्वांत वर आहे.

६. जुन्या मुंबईत नोंद करताना कोणत्या घड्याळाची वेळ लिहावी? कोणीतरी ‘मुंबई वेळ’ असे काहीतरी म्हणाले.

ते बरोबर म्हणाले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने आपली स्वतःची वेळ सोडली नाही, आणि शहराच्या व्यवहारात ती १९५५ पर्यंत टिकली. मुंबई वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, तर प्रमाणवेळ ५ तास ३० मिनिटे पुढे. म्हणजे रेल्वेच्या घड्याळात १० वाजले असताना शहराच्या घड्याळात ९ वाजून २१ मिनिटे झालेली असत.

नोंदीत वेळेपुढे ‘मुं.’ किंवा ‘रे.’ असे एक अक्षर लिहावे, एवढे पुरते. आमच्याकडे एका संशयिताची साक्ष याच ३९ मिनिटांवर टिकली आणि याच ३९ मिनिटांनी ढासळली. तो कोर्टाच्या घड्याळाबद्दल बोलत होता आणि तिकीट तपासनीस स्थानकाच्या. ही युक्ती अर्थातच एका कॅम्पेनमध्ये एकदाच वापरता येते.

७. तपासातले धागेदोरे कसे नोंदवावेत? आमचे खेळाडू दोन सेशननंतर निम्मे धागे विसरतात.

प्रत्येक धाग्याची नोंद चार भागांत करावी: धागा काय, तो कोठे मिळू शकतो, तो कोणत्या निष्कर्षाकडे नेतो, आणि तो कोणत्या पात्राला कधी मिळाला. पहिले तीन भाग उजव्या पानावर आधीच लिहिलेले असतात, आणि चौथा डाव्या पानावर सेशनमध्ये भरला जातो. चौथा भाग रिकामा असलेले धागे म्हणजे अजून न सापडलेले धागे. पुढच्या सेशनची तयारी बहुतांशी तेथूनच होते.

रोलप्लेइंग खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम या खेळांमध्ये सर्वश्रुत आहे: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा अशी अपेक्षा आहे, त्याच्याकडे नेणारे किमान तीन धागे पेरावेत. नियम सोपा आहे, पण निष्कर्षानुसार लावलेली यादी नसेल तर तो पाळला जातो आहे की नाही हे कळत नाही. धागे ठिकाणानुसार लिहिले तर गोदामात सहा धागे आहेत एवढेच दिसते. निष्कर्षानुसार लिहिले तर ‘सराफ हाच देणेकरी आहे’ याच्याकडे एकच धागा जातो, आणि तोही सेशन ९ मध्ये जळालेल्या कागदावर होता, हे दिसते.

खेळाडूंच्या विसरण्यावर उपाय साधा आहे. धागा मिळाला त्या क्षणी तो एका कोऱ्या पत्त्यावर (कार्डावर) लिहून ज्याला मिळाला त्याच्या हातात द्यावा. हातात असलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही. आणि पत्ता कोणाकडे आहे यावरून कोणाला काय ठाऊक आहे हेही आपोआप नोंदले जाते. पात्रांनी माहिती एकमेकांना सांगितली की पत्त्यावर सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आपापली आद्याक्षरे घालावीत.

८. माणसांची नावे गोंधळात टाकतात. एकाच व्यक्तीला प्रत्येक जण वेगळ्या नावाने हाक मारतो, तर खाते कोणत्या नावाने उघडावे?

मराठी वातावरणातल्या खेळात हा प्रश्न इंग्रजी मार्गदर्शिकांना पडतो त्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. पेढीवरचा माणूस नोकरांचा ‘रावसाहेब’, घरचा ‘अप्पा’, पोलिसांचा आडनावाने ओळखला जाणारा इसम आणि पत्रातला नुसता ‘द. ग.’ असू शकतो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे: त्या काळात लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलण्याची चाल होती. त्यामुळे १९१२ च्या शाळेच्या रजिस्टरमधली मुलगी आणि १९२५ च्या खटल्यातली साक्षीदार या एकच असल्या तरी त्यांच्या नावात एकही अक्षर समान नसते. रहस्यकथेला हे वरदान आहे, पण नोंदी ठेवणाऱ्याला शाप.

खाते त्या नावाने उघडावे जे टेबलावर सर्वांत आधी उच्चारले गेले, मग ते ‘काळ्या टोपीवाला’ असले तरी. खऱ्या नावाचा शोध लागला म्हणजे नवे खाते उघडू नये. जुन्याच खात्यात ‘इतर नावे’ या ओळीत ते लिहावे आणि खरे नाव कोणाला कळले आहे तेही लिहावे. माहेरचे नाव, सासरचे नाव, घरातली हाक आणि सरकारी कागदावरचे नाव अशा चार जागा प्रत्येक खात्यात कायमच्या ठेवल्या तर पुढचे पुष्कळ कष्ट वाचतात.

ठिकाणांनाही हेच लागू आहे. खेळाडू बोलताना दादाभाई नौरोजी रोड म्हणतात, पात्रांच्या काळात तो हॉर्नबी रोड होता. खात्याला जुने नाव द्यावे आणि आजचे नाव शेजारी लिहावे, म्हणजे नकाशावर शोधता येते.

९. नोंदी मराठीत टाइप केल्या आहेत, पण शोधल्यावर सापडत नाहीत. नाव डोळ्यांसमोर दिसत असते तरीही!

दोष आपल्या डोळ्यांचा नाही. देवनागरीत काही अक्षरे दोन वेगवेगळ्या संकेतांनी साठवता येतात आणि पडद्यावर सारखीच दिसतात. ‘कऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ यांतला अर्धा ‘र’ एका कळफलकावर नुक्त्याच्या र ने लिहिला जातो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह यांनी. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ सुद्धा एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’ आणि वरचा चंद्र असा वेगवेगळा लिहिता येतो. एकाने फोनवर टाइप केले आणि दुसऱ्याने लॅपटॉपवर शोधले की वकीलसाहेब फरार होतात. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ आहेच. दिक्षित आणि दीक्षित या संगणकाच्या लेखी दोन व्यक्ती आहेत.

उपाय म्हणून प्रत्येक खात्याला एक छोटा क्रमांक द्यावा: व्यक्तींना ‘व्य०१२’, ठिकाणांना ‘ठि०३४’. रोजकीर्दीत नावापुढे तो क्रमांक लिहावा आणि शोधताना क्रमांकच शोधावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

१०. पैशांचा हिशेब ठेवणे कंटाळवाणे वाटते. ठेवावाच लागतो का?

खेळावर अवलंबून आहे. तपासाच्या खेळात आण्या-पैचा जमाखर्च ठेवण्याची गरज नाही. पात्राची ऐपत काय आहे एवढे पुरते आणि फक्त लाच, कर्ज व गहाण यांची नोंद करावी, कारण त्यांतून माणसे बांधली जातात. नोंद करताना १ रुपया म्हणजे १६ आणे आणि १ आणा म्हणजे १२ पै हे ध्यानात असावे. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. विलायतेशी व्यवहार असेल तर १९२७ पासून रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै.

‘ट्रॅव्हलर’मध्ये मात्र हिशेब हाच खेळ आहे. तेथे जहाज कर्जावर घेतलेले असते: किमतीच्या एक पंचमांश रक्कम आधी, आणि उरलेल्यासाठी दरमहा किमतीचा २४० वा भाग असे ४८० हप्ते. ४० वर्षांत मिळून जहाजाची किंमत २२० टक्के पडते. हा हप्ताच पात्रांना नको त्या ग्रहावर नको तो माल न्यायला भाग पाडतो. म्हणून इंधन, बंदरभाडे, पगार आणि हप्ता यांची खतावणी एखाद्या खेळाडूकडे सोपवावी. प्रत्येक गटात एखादा तरी असा असतो की त्याला यात मनापासून रस असतो. त्याला जहाजाचा मुनीम नेमावे आणि निश्चिंत व्हावे.

११. अंतराळातल्या कॅम्पेनमध्ये शेकडो ग्रह असतात. त्यांच्या नोंदी कशा आवराव्यात, आणि बातम्या कधी पोहोचल्या हे कसे ठरवावे?

ग्रहांचा प्रश्न ‘ट्रॅव्हलर’ने स्वतःच सोडवून ठेवला आहे. प्रत्येक ग्रहाचे वर्णन आठ चिन्हांत बसते. उदाहरणार्थ रेजिना या ग्रहाची ओळ ‘ए७८८८९९-सी’ अशी आहे: अंतराळबंदराचा दर्जा, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याचा कडकपणा आणि शेवटी तंत्रज्ञानाची पातळी. नऊनंतरचे आकडे अक्षरांनी लिहितात. एका उपविभागाच्या नकाशात ८ बाय १० षट्कोन असतात, तेवढे एका पानावर सहज मावतात. ग्रहाचे खाते पात्रे तेथे प्रत्यक्ष उतरेपर्यंत उघडूच नये. तोवर ही एक ओळ पुरेशी आहे.

बातम्यांचा प्रश्न अधिक रंजक आहे. या विश्वात जहाजापेक्षा वेगाने काहीही जात नाही, आणि एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या एका उडीला, अंतर कमी असो वा जास्त, सुमारे एक आठवडा लागतो. म्हणून प्रत्येक घटनेला दोन तारखा द्याव्यात: घडल्याची आणि पात्रे असतील तेथे पोहोचण्याची. सहा पार्सेक (ताऱ्यांमधले अंतर मोजण्याचे एकक) दूर झालेले बंड, दोन पार्सेकची उडी मारणाऱ्या जहाजाने, तीन आठवडे आणि वर बंदरांतले दिवस एवढ्या काळाने कळते. खेळातल्या वर्षात ३६५ दिवस असतात आणि तारीख ‘दिवस-वर्ष’ अशी, म्हणजे ००१-११०५ सारखी लिहितात. त्यामुळे ही बेरीज बोटांवर होते. दुसरी तारीख उगवेपर्यंत बातमी उजव्याच पानावर राहते. १९२५ मध्येही तार आणि टपाल यांच्यासाठी हीच दोन तारखांची रीत वापरता येते.

१२. खेळून झाल्यावर लक्षात आले की आम्ही खऱ्या इतिहासाशी विसंगत काहीतरी मांडले आहे. नोंद बदलावी का?

त्या चुकीवर पुढे काही उभे राहिले आहे का, हे पाहावे. उभे राहिले नसेल तर सरळ दुरुस्ती करावी. आमची डेक्कन क्वीन नोंदीत ‘पुण्याची सकाळची गाडी’ झाली आणि कोणाचेही काही बिघडले नाही. उभे राहिले असेल, म्हणजे एखाद्या पात्राने त्या माहितीवर विसंबून निर्णय घेतला असेल, तर टेबलावर उच्चारले गेले ते खरे मानावे आणि ‘आमच्या जगात वेगळे’ अशा स्वतंत्र पानावर ती गोष्ट लिहून ठेवावी. त्या पानावर पाच-सहा गोष्टी होणे स्वाभाविक आहे. वीस झाल्या तर दिनदर्शिकेतला तिसरा रंग (प्रश्न ५) नियमित भरला जात नाही, असे समजावे.

१३. काही खेळाडू एकमेकांपासून गुपिते राखतात. सामायिक नोंदींत ती कशी सांभाळावीत?

सामायिक फाइलमध्ये फक्त डावे पान जावे, आणि त्यातलेही सर्वांसमोर बोललेले तेवढेच. गुपिताची नोंद सूत्रधाराने आपल्याकडे ठेवावी. ‘लपवलेला भाग’ म्हणून सामायिक फाइलच्या तळाशी काही ठेवू नये. कोणी ना कोणी अनवधानाने खाली जातोच. गुपित फुटले की फुटल्याची तारीख आणि ते कोणासमोर फुटले हे लिहून मगच ते डाव्या पानावर आणावे.

१४. खेळाडू स्वतः काहीच लिहीत नाहीत. सक्ती करावी का?

करू नये. त्याऐवजी पात्रांनाच लिहिण्याचे कारण द्यावे: वकील असेल तर अशिलाची फाइल, डॉक्टर असेल तर रुग्णांची वही, जहाजाचा कप्तान असेल तर लॉगबुक. पात्राच्या आवाजातल्या पाच ओळी खेळाडू हौसेने लिहितो, तोच माणूस ‘सेशनचा सारांश’ म्हटले की टाळाटाळ करतो.

१५. परीक्षा, बदली, बाळंतपण अशा कारणांनी सहा महिने खंड पडला. पुन्हा सुरू करताना सगळ्या नोंदी वाचायच्या का?

सगळ्या वाचू नयेत, कोणालाही तेवढा धीर नसतो. शेवटच्या सेशनची नोंद, दिनदर्शिकेतले ठरलेले-पण-न-घडलेले चौकोन आणि खेळाडूंच्या हातातले धाग्यांचे पत्ते, एवढ्यावर खेळ उभा राहतो. आधी प्रत्येक खेळाडूला ‘तुमच्या पात्राला आत्ता कशाची काळजी आहे’ हे विचारावे आणि मगच स्वतः बोलावे. त्यांना जे आठवते तेच त्यांच्या लेखी कॅम्पेन असते. सूत्रधाराच्या लाडक्या पण कोणालाही न आठवणाऱ्या धाग्याला येथे निरोप दिलेला बरा.

१६. एकाच शहरात दोन गट खेळतात, शिवाय मधूनच भूतकाळातला प्रसंगही खेळला जातो. तारखा उलटसुलट झाल्या तर?

दोन्ही गटांची दिनदर्शिका एकच ठेवावी आणि एक नियम घालून द्यावा: जे आधी खेळले गेले ते पक्के, मग खेळातली तारीख कोणतीही असो. दुसरा गट १० मार्चला गोदामात शिरला आणि पहिल्या गटाने ते १२ मार्चला शाबूत पाहिलेले असेल, तर १० तारखेला ते जळू शकत नाही. सूत्रधाराने तसे आधीच सांगावे, दैवयोगाच्या पडद्याआड लपू नये. भूतकाळातल्या प्रसंगालाही हाच नियम लागू होतो. रोजकीर्दीत मात्र सेशन खेळल्याच्याच क्रमाने लिहावीत; खेळातल्या तारखेचा क्रम दाखवण्याचे काम दिनदर्शिकेचे आहे.

१७. खऱ्या व्यक्ती आणि नाजूक विषय कथेत आले तर नोंदीत काय काळजी घ्यावी?

वहीच्या पहिल्याच पानावर ‘मर्यादा’ असे शीर्षक देऊन टेबलावर काय येणार नाही, आणि काय फक्त सूचकपणे येईल, हे सर्वांशी बोलून लिहावे. १९२० च्या दशकातल्या मुंबईत जात, धर्म, दंगली आणि संप हे सगळे कथेच्या अगदी जवळ असते. ते टाळावे असे आमचे म्हणणे नाही, पण कोणाला कशाचा त्रास होतो हे आठवणीवर सोडू नये. सार्वजनिक जीवनातल्या ऐतिहासिक व्यक्ती दुरूनच दाखवाव्यात, म्हणजे सभा, बातमी, रस्त्यातली मिरवणूक एवढ्यापुरत्याच. सायमन कमिशन ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईच्या बंदरात उतरले तो दिवस आम्ही खेळणार आहोत, पण पात्रे गर्दीत असतील, बोटीवर नाही. जिवंत किंवा ओळखीच्या माणसांवर पात्रे बेतू नयेत. बेतलीच तर सामायिक नोंदीत तसा इशाराही लिहू नये, कारण फाइल कोणाकडे पोहोचेल हे सांगता येत नाही.

१८. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये पात्राचे मानसिक संतुलन ढळते. मग त्या पात्राने पाहिलेले आणि लिहिलेले डाव्या पानावर खरे म्हणून धरायचे का?

हा प्रश्न पद्धतीची खरी परीक्षा पाहतो. डावे पान ‘हे खरे आहे’ असे म्हणतच नाही. ते फक्त ‘हे टेबलावर सांगितले गेले’ असे म्हणते. त्यामुळे भ्रमात दिसलेली गोष्टही डाव्याच पानावर, इतर नोंदींइतक्याच सरळपणे लिहावी आणि पुढे फक्त पाहणाऱ्याचे आद्याक्षर घालावे. भ्रमाची म्हणून वेगळी खूण डाव्या पानावर करू नये, कारण ते पान खेळाडूंपर्यंत जाते (प्रश्न १३) आणि खुणेनेच उत्तर फुटते. खरे काय होते ते समोरच्या पानावर, त्याच ओळीच्या उंचीवर लिहावे.

अपवाद एकच आहे. पात्राच्या पूर्वायुष्यातली एखादी गोष्टच सूत्रधाराने बदलली, जसे की डॉक्टरांना आता आपल्याला भाऊ होता असे आठवते, तर पात्राच्या कागदावरचा मूळ मजकूर खोडू नये. त्याखाली नवी ओळ लिहून खेळातली तारीख घालावी. आमच्या डॉक्टरांच्या कागदावर त्या भावाबद्दल आता चार ओळी आहेत, चारही वेगवेगळ्या तारखांच्या, आणि तिसरीतले त्याचे नाव पहिलीतल्या नावाशी जुळत नाही.